मामांच्या फ्रेममधलं जळतं जेल

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मामांच्या घरातून एक जुनी फ्रेम तुमच्याकडे आलीय, त्यात मोठी दगडी इमारत पेटलीय आणि खाली काठ्या घेतलेली गर्दी आहे, घरात सगळे त्याला पॅरिसच्या बॅस्टील जेलचं चित्र म्हणत आले, तर ते खरंच बॅस्टील आहे का, छापील कॉपी आहे की ओरिजिनल, आणि कागदावरचे तपकिरी डाग निघतील का. मी आधी जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एचिंग (पत्र्यावर ॲसिडने चित्र कोरणं) शिकलो आणि नंतर गेली २६ वर्षं जुने कागद, नकाशे, प्रिंट दुरुस्त करायचं काम करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणारे, सवडीने वाचा.

पहिलं म्हणजे हे बॅस्टील नाही. चित्राखालचं जे नाव तुम्ही टाईप करून पाठवलंय, 'ॲन एक्झॅक्ट रिप्रेझेंटेशन ऑफ द बर्निंग, प्लंडरिंग अँड डिस्ट्रक्शन ऑफ न्यूगेट', त्यातच सगळं आलं. हे लंडनचं न्यूगेट जेल. आणि नावात पुढे ७ जून १७८० असं लिहिलंय, म्हणजे बॅस्टील पडायच्या तब्बल नऊ वर्षं आधी. घोटाळा होणं साहजिक आहे, आपल्याला शाळेत बॅस्टील शिकवतात, न्यूगेट कोणी शिकवत नाही. पण बॅस्टीलमधून १४ जुलै १७८९ ला फक्त सात कैदी बाहेर आले होते आणि न्यूगेटमधून शंभराहून जास्त, त्यातले काही तर दोन दिवसांनी फाशी जाणारे.

आता काय झालं होतं ते सांगतो, कारण ते माहीत नसेल तर चित्रातली गर्दी म्हणजे नुसता आरडाओरडा वाटतो. इंग्लंडमध्ये कॅथलिक लोकांवर जुने कडक कायदे होते, १७७८ ला पार्लमेंटने त्यातले काही सैल केले. त्यामागे फौजेसाठी माणसं हवी होती हेही एक मोठं कारण, अमेरिकेत युद्ध चालू होतं आणि कॅथलिक शिपाई भरती करायचे तर धर्माविषयीच्या शपथेची अडचण दूर करायला हवी होती. (याच काळात इकडे आपल्याशीही इंग्रजांचं युद्ध चालू होतं, १७८० च्याच फेब्रुवारीत इंग्रज सेनापती गॉडर्डने अहमदाबाद घेतलं आणि डिसेंबरात वसई.) तर हा कायदा रद्द करा म्हणून लॉर्ड जॉर्ज गॉर्डन नावाच्या तरुण खासदाराने प्रोटेस्टंट असोसिएशनतर्फे हजारो सह्यांचा अर्ज तयार केला आणि २ जूनला सेंट जॉर्जेस फील्ड्सच्या मैदानात लोक जमवले. अंदाज ४० ते ६० हजारांचे आहेत. सगळ्यांच्या टोपीला निळ्या फितीचा गोल तुरा, त्याला कॉकेड म्हणतात. हा निळा तुरा लक्षात ठेवा, डागांच्या प्रश्नाकडे वळलो की तो परत येणारे.

मोर्चा पार्लमेंटवर गेला, अर्ज फेटाळला गेला, आणि त्या रात्रीपासून आठवडाभर लंडन जळत होतं. आधी परदेशी वकिलातींतले कॅथलिक प्रार्थनामंदिरं फोडली, मग कॅथलिक लोकांची घरं, मग त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांची घरं. जे पकडले गेले त्यातले काही न्यूगेटमध्ये टाकले, म्हणून ६ जूनच्या संध्याकाळी गर्दी आपली माणसं सोडवायला जेलच्या दारात. जेलरचं नाव रिचर्ड अकरमन, माणूस चांगला म्हणून प्रसिद्ध होता, त्याने सोडायला नकार दिला. मग लोकांनी त्याचं घर फोडलं. हे घर जेलच्या दर्शनी भिंतीच्या बरोबर मधोमध होतं, आणि त्यातलं फर्निचर खिडक्यांमधून खाली टाकून जेलच्या दाराशी ढीग रचला आणि तोच पेटवला. तुमच्या फोटोत खाली आगीजवळ जे काळं-आडवंतिडवं दिसतंय ना, खुर्चीचे पाय असावेत असं, ते बहुतेक तेच. झूम करून बघा.

जॉर्ज क्रॅब नावाचा कवी तेव्हा पंचविशीत होता, लंडनला नुकताच आलेला, खिशात पैसे नाहीत. तो त्या रात्री तिथे उभा होता. त्याने लिहून ठेवलंय की कर्जबाजारी कैद्यांच्या इमारतीच्या छपरावर गर्दीतले दहा-बाराजण ओरडायला चढले होते, इमारत खालून जळतेय आणि ते काळ्या धुरात गुंडाळल्यासारखे दिसतायत, मध्येच ज्वाळेत उजळतायत. त्याने बायका आणि पुरुष कैदी तळघरातून वर येताना पाहिले, बेड्यांसकट, आणि तसेच साखळदंड वाजवत रस्त्याने चालत गेलेले. मी जेव्हा जेव्हा अशी प्रिंट टेबलावर घेतो तेव्हा आधी छपरावर माणसं काढलीयत का ते बघतो आणि मग कैद्यांच्या पायांकडे. बेडी नीट काढली असेल तर कोरणाऱ्याने निदान विचार केला होता.

आणि ही इमारत जुनीपुराणी नव्हती बरं का. जॉर्ज डान्स या आर्किटेक्टने डिझाईन केलेली, १७७० ला बांधकाम सुरू झालेलं, १७८० ला पुरतं संपलंही नव्हतं. मुद्दाम जड, खडबडीत दगड, बाहेरच्या भिंतीला खिडक्या जवळजवळ नाहीतच, आणि दारांवर दगडात कोरलेले साखळदंड. येणाऱ्या-जाणाऱ्याला धडकी भरावी हाच हेतू. तीच इमारत एका रात्रीत आतून पोकळ झाली, दगडी कवच तेवढं उरलं. म्हणून तर तिची चित्रं विकली गेली. नंतर ती परत बांधली, १९०२ ला पाडायला सुरुवात झाली, आणि आता त्या जागेवर ओल्ड बेलीचं क्रिमिनल कोर्ट आहे.

मला या प्रिंटबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नावात 'एक्झॅक्ट' लिहिलंय म्हणून ती अचूक होत नाही. दुकानदाराने घातलेला शब्द आहे तो. जेल फुटलं ६ तारखेच्या संध्याकाळी, आणि नाव म्हणतंय ७ तारीख. आता आग रात्रभर चालू होती, उजाडेपर्यंत तारीख बदलली होती, त्यामुळे अगदी चूक म्हणू नये, पण डोळ्यादेखत काढलेलं चित्र असं समजू नका. त्या काळी प्रिंट बनायची कशी ते सांगतो. तांब्याचा पत्रा घासून गुळगुळीत करायचा, त्यावर मेणाचा थर, त्या थरावर सुईने चित्र काढायचं, मग पत्रा ॲसिडमध्ये, जिथे सुई लागली तिथे ॲसिड तांबं खातं. नंतर बारीक काम ब्यूरिनने म्हणजे टोकदार कोरणीने हाताने. मग शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. हे एका रात्रीचं काम नाही, एवढी माणसं असलेल्या चित्राला आठवडे लागतात. आपल्याकडे मिरजेत १८०५ ला भगवद्गीता अशीच तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली होती, ती अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी कोरताना त्या तांबटाचं काय झालं असेल याचा विचार मी विद्यार्थ्यांना नेहमी करायला सांगतो.

उलटं कोरण्यावरून एक गोष्ट. घाईत कोरणारा मूळ चित्र पत्र्यावर सरळ उतरवायचा, मग छापल्यावर डावं-उजवं बदलायचं. न्यूगेटचा दर्शनी भाग दोन्ही बाजूंना बराचसा सारखाच, त्यामुळे इमारतीवरून पटकन कळत नाही. गर्दीतल्या लोकांनी काठ्या कोणत्या हातात धरल्यात ते मोजा. बहुतेकांच्या डाव्या हातात असतील तर चित्र उलटलंय.

सगळ्याच प्रिंट निवांतपणे नाही निघाल्या. ९ जूनची तारीख असलेलं एक व्यंगचित्र आहे, म्हणजे आग पुरती विझायच्या आत बाजारात, गिलरे नावाच्या तरुण व्यंगचित्रकाराचं मानतात ते. त्यात एकटाच दंगेखोर, हातात सोटा, टोपीला तुरा, आणि खाली चार ओळींची कविता, तिचा अर्थ असा की हा म्हणतो मी प्रोटेस्टंट, पण तोंड आणि सोटा बघा, धर्माचं नाव आणि काम जाळायचं-चोरायचं. एकच माणूस असल्यामुळे पटकन झालं. तुमची प्रिंट त्या मानाने मोठं, दमाने केलेलं काम आहे, घरात लावायला घेतलेलं. साधी प्रिंट तेव्हा सहा पेन्स ते शिलिंगच्या आसपास मिळायची, रंगवलेली त्याच्या साधारण दुप्पट. ज्याचं घर जळलं नाही असा माणूस हे विकत घेत होता. म्हणून चित्रात गर्दी अशी दिसते, वाकडीतिकडी तोंडं, सगळे सारखेच, कोणालाच नाव नाही.

पण नावं आहेत हो. ओल्ड बेलीच्या खटल्यांचे वृत्तांत आज कोणीही फुकट ऑनलाईन वाचू शकतं आणि मी प्रत्येकाला ते वाचायला सांगतो. न्यूगेटवरच्या हल्ल्यासाठी जॉन ग्लोव्हर आणि बेंजामिन बाउसी या दोघांना फाशीची शिक्षा झाली होती, पुढे ती टळली, दोघेही काळे, घरकाम करणारे नोकर. शार्लट गार्डिनर नावाची काळी बाई, तिला मात्र ११ जुलैला टॉवर हिलवर फाशी दिली, एका कॅथलिक इटालियन माणसाचं घर पाडायला मदत केली म्हणून. शहराचा अधिकृत फाशी देणारा एडवर्ड डेनिस स्वतःच दंग्यात सापडला, त्यालाही शिक्षा झाली आणि माफीही. एकूण पंचवीसच्या आसपास लोक फासावर गेले, आणि बऱ्याच जणांना जिथे गुन्हा केला त्याच्याच जवळ नेऊन लटकवलं. आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर इग्नेशियस सँचो, हाही काळाच, गुलामगिरीत जन्मलेला, वेस्टमिन्स्टरला किराण्याचं दुकान होतं त्याचं, तो दुकानात बसून ६ जूनलाच मित्राला पत्र लिहीत होता आणि त्यात बारा वर्षांच्या पोरापासून साठीच्या म्हाताऱ्यापर्यंत फाटक्या, हलाखीच्या लोकांची ही झुंड तुरे लावून रस्त्याने जातेय असं त्याने लिहिलंय, राग आहे त्यात आणि भीतीही. म्हणजे गर्दीतही काळी माणसं आणि गर्दीला घाबरून दुकानात बसलेलाही काळा माणूस. तुमच्या प्रिंटमध्ये कोरणाऱ्याने कोणाच्या चेहऱ्यावर दाट आडव्या-उभ्या रेषा मारून गडद केलंय का ते भिंगाने बघा. सावली आहे की माणसाचा वर्ण आहे हे ठरवणं अवघड असतं, पण बघा.

हे लोक नुसते कॅथलिकविरोधी होते असं म्हणून विषय संपत नाही असं माझं मत आहे. न्यूगेटनंतर त्यांनी क्लर्कनवेलची जेलं उघडली, फ्लीट आणि किंग्ज बेंच जाळली, ही दोन्ही मुख्यतः कर्जात बुडालेल्यांची जेलं. क्लिंक नावाचं जेल जाळलं, ते परत कधी बांधलंच नाही. ब्लॅकफ्रायर्स पुलावरची टोलची नाकी जाळली. बँक ऑफ इंग्लंडवर चालून गेले. जेलमध्ये तेव्हा कैद्याकडूनच पैसे घ्यायचे, बिछान्याचे वेगळे, बेडी हलकी करायचे वेगळे, आणि गरीब माणसाला लंडनमध्ये जेल काय असतं हे घरातल्या कोणामुळे तरी माहीत असायचंच. हॉलबोर्नला लँगडेल नावाच्या कॅथलिकाची दारूची भट्टी होती, ७ तारखेला ती पेटवली तेव्हा लोक गटारातून वाहणारी कच्ची दारू प्यायला वाकले आणि त्यात मेले. धर्म, भूक, राग, दारू हे सगळं एका गर्दीत होतं.

आणि चित्रात काय नाही ते पण बघा. त्यानंतर लष्कराला मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय गोळीबार करायची परवानगी मिळाली आणि सरकारी हिशोबानेच २८५ माणसं मेली, रस्त्यात आणि नंतर हॉस्पिटलमध्ये. दुकानांच्या खिडकीत लागलं ते जळणारं जेल. गोळीबाराची नावाजलेली प्रिंट, फ्रान्सिस व्हीटलीच्या चित्रावरून जेम्स हीथने कोरलेली, ती आली १७९० ला, दहा वर्षांनी, आणि त्यात शिस्तीत उभे राहिलेले स्वयंसेवक शहर वाचवतायत. गॉर्डनवर राजद्रोहाचा खटला झाला, तो सुटला, पुढे ज्यू झाला, नंतर वेगळ्याच गुन्ह्यात परत बांधलेल्या न्यूगेटमध्ये गेला आणि १७९३ ला तिथेच तापाने मेला.

आता ओरिजिनलचं. फोटोवरून मी ठाम सांगणार नाही, पण तुम्ही घरी बऱ्यापैकी तपासू शकता. दहा पटीचं भिंग घ्या, दागिने बघायला सोनार वापरतात ते चालेल. काळ्या भागात ठिपक्यांची जाळी दिसली, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी, तर ती नंतरची फोटो काढून छापलेली कॉपी, विषय संपला. रेषा सलग असतील आणि शाई कागदावर किंचित उठून आलेली वाटली तर आशा आहे. ॲसिडच्या रेषेचं टोक बोथट असतं, कोरणीच्या रेषेचं टोक निमुळतं होत जातं, या दोन्ही रेषा एकाच प्रिंटमध्ये मिळणं हे चांगलं लक्षण. चित्राभोवती दाबलेली चौकट दिसते का, म्हणजे तांब्याच्या पत्र्याची कड कागदात रुतलेली, बोटाला लागते. कडा कापल्या असतील तर ती नसेल, म्हणून तेवढ्यावरून निराश होऊ नका.

मग कागद उजेडासमोर धरा. साधारण अडीच सेंटीमीटरवर उभ्या फिकट रेषा आणि त्यांच्यामध्ये बारीक आडव्या रेषा दिसल्या तर तो जाळीवर हाताने केलेला, चिंध्यांचा कागद, त्या काळाला जुळतो. वॉटरमार्कमध्ये वर्ष दिसलं आणि ते १७९४ किंवा पुढचं असेल तर पत्रा जुना पण छपाई नंतरची, कारण इंग्लंडमध्ये कागदात वर्ष घालायची पद्धत तेव्हापासूनची. याला बनावट म्हणायचं नाही, पत्रे विकले जायचे आणि नवा मालक परत छापायचा, फक्त किंमत कमी.

आणि खालची अगदी बारीक ओळ वाचा, तुमच्या फोटोत ती माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली गेलीय. 'पब्लिश्ड ॲज द ॲक्ट डायरेक्ट्स' अशी सुरुवात, मग तारीख, प्रकाशक, पत्ता. हा ॲक्ट म्हणजे १७३५ चा, चित्रकार होगार्थने भांडून मिळवलेला, कोणी तुमचं कोरलेलं चित्र चोरू नये म्हणून. आधी १४ वर्षांचं संरक्षण होतं, १७६७ ला २८ वर्षांचं झालं. हक्क हवा तर नाव आणि तारीख पत्र्यावर पाहिजेच, त्यामुळे आपल्याला आयती तारीख मिळते. प्रिंट हातात आली की मी चित्र नंतर बघतो, ही ओळ आधी.

आता डाग. इथे मी जरा कळकळीने बोलतो. तुम्ही लिहिलंय की एका फ्रेमवाल्याने सांगितलं, "द्या माझ्याकडे, पाण्यातून काढून पांढरं करून देतो." नका देऊ. तुमच्या फोटोत टोप्यांवरचे तुरे निळे दिसतायत, म्हणजे प्रिंट हाताने रंगवलेली आहे, आणि त्या काळचा स्वस्त निळा म्हणजे बऱ्याचदा प्रशियन ब्लू. हा रंग उजेडात फिका पडतो हे एक, पण मोठा धोका अल्कलीचा. साबण, सोडा, चुन्याची निवळी, काहीही अल्कलाईन लागलं की निळा जातो आणि तिथे पिवळट-तपकिरी डाग राहतो. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एकजण असंच एक रंगीत प्रिंट घेऊन आले, कोणीतरी चांगल्या हेतूने कागदातलं ॲसिड काढायला म्हणून चुन्याच्या पाण्यात बुडवलं होतं. आभाळ गेलं होतं. काळ्या रेषा जशाच्या तशा, ती काजळीची शाई, तिला काही होत नाही, पण आभाळाच्या जागी चहा सांडल्यासारखं. मी तासभर ते टेबलावर ठेवून बसलो होतो, करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तुमच्या प्रिंटमधून निळा गेला तर ती गर्दी कोणाची होती याची खूणच जाईल.

कागदावरचे बारीक तपकिरी ठिपके, त्यांना आम्ही फॉक्सिंग म्हणतो, ते दमटपणाने येतात आणि चिंध्यांचा कागद ते शंभर वर्षं सहन करतो. घाई नाहीये. घाई आहे ती मागच्या प्लायवूडची आणि चित्राभोवतीच्या माउंटची. माउंटच्या आतल्या कडेने जी तपकिरी रेघ आलीय ती हलक्या पुठ्ठ्यातल्या ॲसिडने भाजलेली आहे आणि ती रोज थोडी वाढतेय. प्रिंट प्लायवूडला चिकटवलेली असेल तर ओढू नका, तशीच कन्झर्वेटरकडे, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. सुटी असेल तर कॉटनचा म्युझियम रॅग बोर्ड (ॲसिड नसलेला पुठ्ठा), वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढंच. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. काच कागदाला टेकता कामा नये.

तुम्ही ठाण्याला राहता आणि सध्या पाऊस चालू आहे, त्यामुळे फ्रेम आत्ता उघडू नका, बाहेरच्या भिंतीवर असेल तर आजच उतरवा आणि आतल्या खोलीत जमिनीपासून वर, कपाटाच्या वरच्या फळीवर आडवी ठेवा, काच वर. मागच्या बाजूला कसर दिसते का बघा, तिला जुन्या खळीची फार आवड. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की उघडा, आणि माउंटखालच्या त्या बारीक ओळीचा फोटो मला पाठवा, तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता.